सुपर्ण : कधीच न जन्मलेल्या पक्ष्याचा निसर्गेतिहास

पक्षिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात ज्याचे नाव आढळणार नाही, ज्याचे पीस आजवर कोणाच्या हाती लागले नाही आणि ज्याचे अंडे कोणत्याही संग्रहालयात नाही, अशा एका पक्ष्याची तपशीलवार माहिती प्राचीन भारतीय वाङ्मयाने जपून ठेवली आहे. तो कोठे राहतो, कोणत्या झाडावर घरटे करतो, काय खातो, शिकार कशी साधतो, त्याच्या जाती किती आणि त्या कशा जन्मतात, हे सारे पालि ग्रंथांत नोंदलेले आहे. त्याचे पालि नाव सुपण्ण. संस्कृतात सुपर्ण, म्हणजे सुंदर पंखांचा. आपण त्याला गरुड या नावाने ओळखतो.

असा पक्षी अस्तित्वात नाही, हे एका वाक्यात सांगून विज्ञानाचा शिक्षक मोकळा होऊ शकतो. इतिहासाच्या शिक्षकाचे काम मात्र त्या वाक्यानंतर सुरू होते. जो प्राणी नाही त्याचे वर्णन करताना माणसाला निसर्गाचे बंधन उरत नाही. मग त्या वर्णनात जे येते ते वर्णन करणाऱ्या समाजातूनच आलेले असते. आपल्या कोल्हापूरच्या भूमीवर सुमारे दोन शतके राज्य करणाऱ्या एका घराण्याच्या ध्वजावर हाच पक्षी होता आणि त्या घराण्याची मूळकथाही याच पक्ष्याशी जोडलेली होती. त्यामुळे हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

प्रथम त्याचे वसतिस्थान पाहू. सुपण्ण सिम्बलीच्या वनात राहतात. सिम्बली म्हणजे संस्कृतातील शाल्मली आणि आपली काटेसावर. शिशिराच्या अखेरीस पाने गाळून लाल फुलांनी पेटलेली सावर राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कथाकारांनी हेच झाड का निवडले असेल याचा अंदाज येईल. आजूबाजूच्या झाडांच्या वर डोके काढणारे, सरळ खोडाचे, आडव्या भक्कम फांद्यांचे आणि बुंध्याला काटे असलेले असे हे झाड आहे. मोठ्या शिकारी पक्ष्याच्या घरट्याला याहून योग्य जागा कोणती?

या घरट्यांविषयी कुलावक जातकात एक प्रसंग आहे. असुरांशी झालेल्या युद्धात पराभूत होऊन शक्र रथातून पळत असतो. रथ सिम्बलीच्या वनात शिरतो, झाडे कोसळू लागतात आणि घरट्यांतील गरुडांची पिले आक्रोश करतात. हा आवाज कसला, असे शक्र विचारतो. सारथी मातली कारण सांगतो. तेव्हा आपला जीव वाचवण्यासाठी या पिलांचा जीव जाऊ नये म्हणून शक्र रथ मागे फिरवायला लावतो, म्हणजे शत्रूच्याच दिशेने! शक्र नव्या बळानिशी परतला असे समजून असुरच पळून जातात, हा पुढचा भाग. संयुत्तनिकायातही हा प्रसंग थोडक्यात आला आहे. ज्याच्या पंखांचे माप योजनांत सांगितले जाते, त्याचीही पिले घरट्यात असहायच असतात, हे कथाकाराच्या नजरेतून सुटलेले नाही.

आता आहार. सुपण्णाचे भक्ष्य एकच, ते म्हणजे नाग. हे नाग समुद्राखाली राहतात. सुपण्ण झेपावतो तेव्हा त्याच्या पंखांच्या वाऱ्याने समुद्राचे पाणी दुभंगते आणि तळाचा नाग उघडा पडतो. पण नागही निरुपाय नाहीत. पण्डर जातकानुसार नाग मोठमोठे दगड गिळून आपले वजन वाढवतात. सुपण्णाने डोके पकडून उचलण्याचा प्रयत्न केला की तो भार त्याला पेलत नाही, आणि कित्येक सुपण्ण या झटापटीत समुद्रात बुडून मरतात. शेवटी एका ढोंगी तपस्व्याकडून सुपण्णराजाला नागांचे हे गुपित कळते. मग तो नागाला शेपटीकडून धरून उलटा टांगतो. पोटातले दगड तोंडावाटे बाहेर पडतात आणि नाग हलका होतो. विश्वासाने सांगितलेले गुपित फुटल्याचा शोक करणाऱ्या त्या नागाला सुपण्ण अखेर सोडून देतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण ही कथा शिकारीच्या यशावर संपत नाही.

हा तपशील निव्वळ कल्पनेचा आहे काय? आपल्या सह्याद्रीत तुऱ्याचा सर्पगरुड आहे. घाटमाथ्यावर सकाळी ऊन तापू लागले की तो आकाशात गोल घिरट्या घालत तीक्ष्ण शीळ घालतो, आणि बहुतेक वेळा तो दिसण्याआधी त्याचा आवाजच ऐकू येतो. पायांवर जाड खवले असतात. सापाच्या दंशापासून त्यांचा उपयोग होतो. उघड्या माळांवर त्याचा भाऊबंद सापमार गरुड दिसतो. हे पक्षी साप पकडल्यावर आधी त्याचे डोके निकामी करतात आणि डोक्याकडूनच गिळतात. म्हणजे जातकातील सुपण्णाची जुनी, अयशस्वी ठरलेली पद्धत हीच खऱ्या गरुडाची पद्धत आहे. कथाकाराने खरा पक्षी शिकार करताना पाहिला असावा आणि मग नागाच्या बाजूने विचार करून त्यावर उपाय शोधला असावा, असे मला वाटते. दगड गिळण्याची कल्पनाही अगदीच आकाशातून पडलेली नाही. मगरी दगड गिळतात आणि ते त्यांच्या पोटात राहतात, हे आज सर्वमान्य आहे.

कल्पना सुरू होते ती आकारात. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. एखाद्या पक्ष्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. दहापट केली तर पंख शंभरपट आणि वजन हजारपट. पंखांना पेलावा लागणारा भार अशा रीतीने वाढतच जातो. म्हणूनच आपल्या सोलापूरकडच्या माळरानावरचा माळढोक, ज्याचा नर १५ किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्ष्यांमध्ये गणला जातो. योजनभर पंखांचा पक्षी उडणे तर सोडाच, स्वतःच्या पायांवर उभाही राहू शकणार नाही.

आता या निसर्गेतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात सुपण्णसंयुत्त नावाचे एक छोटे प्रकरण आहे. त्यात सुपण्णांचे चार प्रकार सांगितले आहेत : अंडज, म्हणजे अंड्यातून जन्मलेले, जलाबुज, म्हणजे गर्भातून जन्मलेले, संसेदज, म्हणजे ओलाव्यातून जन्मलेले, आणि ओपपातिक, म्हणजे मातापित्यांवाचून आपोआप प्रकट झालेले. नागांचेही हेच चार प्रकार आहेत. कोणता सुपण्ण कोणत्या नागाला उचलू शकतो, याचा नियम तेथे दिला आहे. अंडज सुपण्ण केवळ अंडज नागाला नेतो. जलाबुज सुपण्ण अंडज आणि जलाबुज अशा दोन्ही नागांना नेतो. संसेदज तिघांना, आणि ओपपातिक सुपण्ण चारही प्रकारच्या नागांना.

आठवीच्या वर्गात हे सांगत असताना एका विद्यार्थिनीने वहीत चार रेघा उभ्या आणि चार आडव्या आखून फुल्या मारल्या आणि विचारले, ‘सर, म्हणजे सगळ्यांत खालच्या नागाला चार वैरी आणि सगळ्यांत वरच्याला एकच?’ तिचा हिशेब बरोबर होता. जो जन्माने वरचा, तो आपल्याखालच्या सर्वांना उचलू शकतो. जो जन्माने तळाचा, त्याला कोणीही उचलावे. बाबासाहेबांनी भारतीय समाजरचनेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले, तेव्हा त्यांच्यासमोर हे सुत्त नव्हते आणि सुत्तकाराच्या मनातही जातिव्यवस्थेवरील भाष्य होते असे म्हणण्यास आधार नाही. त्याच प्रकरणात, सुपण्ण दीर्घायुषी, रूपवान आणि सुखी असतात असे ऐकून माणसे दान करतात व त्या योनीची इच्छा धरतात, एवढेच पुढे सांगितले आहे. पण भक्षक आणि भक्ष्य यांची अशी पायरीपायरीने आखणी निसर्गात कोठेही नसते. सर्पगरुड सापाचा जन्म विचारत नाही. ही आखणी माणसांच्या जगातून पक्ष्यांच्या जगात गेलेली आहे, इतके म्हणण्यास मात्र मी कचरणार नाही.

गरुडाची अधिक प्रसिद्ध कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. तेथे गरुडाची आई विनता ही नागांची आई कद्रू हिची पैज हरून दासी होते, आणि आईला दास्यातून सोडवण्यासाठी गरुड अमृत आणतो. दास्यमुक्तीची ही कथा आपल्याला भावते, यात नवल नाही. पण तिच्या शेवटी नाग हे गरुडाचे अन्न ठरतात आणि त्या अन्नाला काय वाटले हे कोणी विचारत नाही. बौद्ध परंपरेतील कथा तेथूनच पुढे सरकते. दीघनिकायातील महासमय सुत्तात भगवान बुद्धांच्या दर्शनासाठी जमलेल्या समुदायांत नाग आणि सुपण्ण दोघेही आहेत. बुद्धांनी नागांना सुपण्णांपासून अभय दिले आणि ते परस्परांशी मृदू शब्दांत बोलू लागले, असे तेथे म्हटले आहे. साँचीच्या पूर्व तोरणावर बोधिवृक्षाच्या वंदनेला आलेल्या प्राण्यांच्या शिल्पात हे दोघे एकत्र दिसतात. नागाला पाच फणा आहेत, आणि गरुड अजून मनुष्यदेहाचा झालेला नाही; तो कानांत कुंडले घातलेला एक मोठा पोपटासारखा पक्षीच आहे.

हा पक्षी धर्माबरोबर दूरवर गेला. जपानमधील नारा येथील कोफुकुजी विहारात आठव्या शतकातील लाखेची मूर्ती आहे; तिचे शरीर चिलखत घातलेल्या माणसाचे आणि डोके पक्ष्याचे. तेथे त्याला ‘कारुरा’ म्हणतात. थायलंडचे राजचिन्ह गरुडच. इंडोनेशियाच्या राष्ट्रचिन्हातील गरुडाच्या प्रत्येक पंखाला १७ पिसे, शेपटीला ८ आणि मानेवर ४५ पिसे आहेत. १७ ऑगस्ट १९४५ हा त्या देशाच्या स्वातंत्र्यघोषणेचा दिवस अशा रीतीने पक्ष्याच्या अंगावर लिहिला गेला.

मात्र भारतात हा पक्षी देवळापेक्षाही राजाच्या ध्वजावर अधिक रमला. गुप्त सम्राटांच्या नाण्यांवर गरुडध्वज आहे. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात त्याच्या गरुडमुद्रेचा उल्लेख येतो, आणि त्याच लेखात त्याने समूळ उच्छेद केलेल्या उत्तरेतील राजांच्या यादीत गणपतिनाग आणि नागसेन ही नावे येतात. पुढे स्कंदगुप्ताच्या जुनागढ लेखात शत्रुराजे हे फणा उभारलेले सर्प आणि त्यांच्यावरील उतारा गरुड, अशी थेट उपमाच केलेली आहे. म्हणजे समुद्राखालचे नाग सोडून गरुड आता जमिनीवरच्या नागांकडे वळला होता.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नागलोकांचा इतिहास मांडला. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार नागांनी केला, ते आर्यांचे वैरी होते आणि त्यांचा फार छळ झाला, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. नाग म्हणजे सरपटणारा प्राणी नसून माणसांचा समूह, हे एकदा ध्यानी घेतले की राजाच्या ध्वजावरील गरुडाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे घाई करू नये. प्रत्येक गरुडकथा ही दोन जमातींच्या युद्धाची नोंद असते असे नाही, आणि ध्वजावर गरुड असणारे सर्वच नागांचे शत्रू होते असेही नाही. समुद्रगुप्ताचा पुत्र दुसरा चंद्रगुप्त याची राणी कुबेरनागा नागकुळातील होती, आणि तिची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांचे राज्य सांभाळताना आपल्या ताम्रपटात आईचे हे नागकुळ अभिमानाने नोंदवते.

आता कोल्हापूर. शिलाहारांच्या तीन शाखांपैकी एक येथे राज्य करीत होती. पन्हाळा हा तिचा बळकट किल्ला. इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला, तेव्हा ही सत्ता संपली. या घराण्याच्या लेखांत राजांना अनेक बिरुदे लावलेली असतात. त्यांतील तीन येथे महत्त्वाची आहेत : तगरपुराचे अधीश्वर, म्हणजे मूळचे तेरचे; जीमूतवाहनाच्या वंशातील; आणि सुवर्णगरुडध्वज असलेले. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादून प्रसिद्ध केले आहेत. त्यांत ही बिरुदे पुन्हा पुन्हा भेटतात.

जीमूतवाहन कोण? तो विद्याधरांचा राजपुत्र. त्याची कथा सम्राट हर्षवर्धनाने ‘नागानन्द’ या पाच अंकी नाटकात सांगितली आहे. नाटकाची नांदी बुद्धांना उद्देशून आहे. सातव्या शतकातील चिनी यात्री इत्सिंग यानेही, राजा शीलादित्याने बोधिसत्त्व जीमूतवाहनाची कथा काव्यात गुंफून संगीतासह सादर करविली, अशी नोंद केली आहे. गरुडाने नागांचा सरसकट संहार करू नये म्हणून वासुकीने त्याच्याशी करार केलेला असतो : रोज एक नाग पाठवला जाईल. समुद्रकाठी हाडांचा डोंगर साचलेला असतो. एके दिवशी शंखचूड नावाच्या तरुण नागाची पाळी येते. त्याची वृद्ध आई रडत असते. जीमूतवाहन ते पाहतो, बळीचे तांबडे वस्त्र स्वतः पांघरतो आणि वधशिळेवर जाऊन पडतो. गरुड त्याला उचलून नेतो व खाऊ लागतो. पण हा बळी घाबरत नाही, उलट प्रसन्न दिसतो, हे पाहून गरुड थबकतो. तेवढ्यात शंखचूड धावत येऊन खरा बळी मी आहे असे सांगतो. गरुडाला पश्चात्ताप होतो. मरणोन्मुख जीमूतवाहन त्याला प्राणिहत्या सोडण्याचा उपदेश करतो, आणि अखेरीस गरुड अमृत आणून पूर्वी मारलेल्या नागांनाही जिवंत करतो. जीमूतवाहनाला मात्र गौरी देवी जिवंत करते. नाटकाच्या आरंभी बुद्ध आणि शेवटी गौरी, ही हर्षाच्या दरबारातील समन्वयाची रीत.

शिळेवर पडून जो गरुडाचा आहार झाला, त्याचे वंशज ते शिलाहार, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. भाषेच्या दृष्टीने ती कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. मला त्यातील विसंगती अधिक बोलकी वाटते. हे राजे स्वतःला गरुडाने खाल्लेल्या पुरुषाचे वंशज म्हणवतात आणि ध्वजावर मिरवतात तो गरुडच! आपल्या पूर्वजाच्या मारेकऱ्याचे चित्र कोणी घरावर लावील काय?

माझ्या मते ध्वज आधीचा आहे आणि कथा नंतरची. शिलाहार हे मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर गरुड असे. शिलाहारांच्या मुद्रांवरही तो आहे. सार्वभौम सत्तेचे चिन्ह मांडलिकाने उचलले, हे इतिहासात नेहमीचेच. पुढे त्या चिन्हाला आणि घराण्याच्या अनोळखी नावाला शोभेल अशी कुळकथा हवी होती. गरुड आणि शिळा दोन्ही ज्या कथेत आहेत, ती जीमूतवाहनाची कथा लोकांच्या तोंडी होतीच. हे माझे अनुमान आहे. ते खोडून काढणारा विद्यार्थी याच शाळेतून निघाला तर मला आनंदच होईल. मात्र निवड करताना त्यांच्यासमोर महाभारतातील विजयी, अमृत जिंकून आणणारा गरुडही होता. त्या गरुडाशी नाते सांगणे राजांना अधिक सोयीचे होते. तरी त्यांनी नाते सांगितले ते शिळेवर पडलेल्या बोधिसत्त्वाशी.

ही कथा केवळ बिरुदापुरती राहिली काय, हे तपासायला एक लेख उपयोगी पडतो. कोल्हापुरात प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि धातुकरंडक एकोणिसाव्या शतकातच मिळाले. म्हणजे येथील बौद्ध परंपरा जुनी. पण शिलाहारांच्या काळी, बाराव्या शतकात, तिचे काही उरले होते काय? शिलाहार राजे महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख करतात, जैन मंदिरांना दाने देतात, त्यामुळे बुद्धाचे नाव कोणी सहसा शोधत नाही. तळाले येथील ताम्रपट शके १०३२ चा, म्हणजे इ. स. १११० चा आहे. राजा गंडरादित्य. मिरज प्रदेशातील इरुकुडी येथे त्याने मोठे तळे बांधले आणि त्याला स्वतःच्या नावावरून गंडसमुद्र असे नाव दिले. त्या तळ्याच्या काठी त्याने तीन देवालये उभारली आणि तिन्हींच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या : एक शिवाचे, एक अर्हताचे आणि एक बुद्धाचे.